बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर: आधी शिवण भरू द्या, मग हळू उतरणारं वजन समजून घ्या

बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा आठवडे वजनाच्या मागे लागायचं नाही. त्या काळात कामं तीनच: आतली स्टेपलची शिवण भरून येऊ द्यायची, अंगातलं पाणी कमी पडू द्यायचं नाही, आणि प्रथिनं हळूहळू पुरेशी होतील असं बघायचं. वजन तोवर आपोआप उतरत असतं. धीराची खरी गरज पुढे लागते, चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर, जेव्हा काटा पंधरा-पंधरा दिवस जागचा हलत नाही. ‘ऑपरेशन फसलं की काय?’ ही शंका तेव्हा येते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती चुकीची असते.

खालचे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जनने किंवा आहारतज्ज्ञाने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. शिवण कुठे आणि कशी घातली, वाटेत काय अडचण आली, हे त्यांनाच ठाऊक असतं.

पहिले पंधरा दिवस

स्लीव्ह या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. बायपास या दुसऱ्या प्रकारात अन्ननलिकेच्या खाली साधारण 30 मिलिलिटरचा छोटा कप्पा ठेवून तो थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हीत आतली जागा सुजलेली असते, म्हणून सुरुवातीला पाण्याचा घोटसुद्धा जड वाटतो. औषधाच्या बाटलीबरोबर मिळतो तसा 30 मिलिलिटरचा छोटा कप घ्या, तो भरून शेजारी ठेवा आणि पंधरा मिनिटांत संपवा. मग पुन्हा भरा. दिवसभर हेच चालू ठेवलं तर दीड लिटरच्या आसपास पोहोचता येतं. एकदम ग्लासभर पाणी पोटात जाणारच नाही, त्यामुळे ‘नंतर भरून काढू’ हा हिशेब इथे चालत नाही. घरी आल्यावर पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं एक मोठं कारण म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं. लघवी गडद पिवळी झाली, उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी आली, तर पाणी कमी पडतंय असं समजा. स्ट्रॉ आणि फसफसणारी पेयं टाळा, कारण त्यांनी पोटात हवा भरते.

चालणं पहिल्या दिवसापासून सुरू ठेवायचं. दर दोन तासांनी पाच-दहा मिनिटं, घरातल्या घरात चाललं तरी पुरे. पायात रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. स्पायरोमीटर (खोल श्वास घेण्याच्या सरावाचं उपकरण) दिला असेल तर जागेपणी दर तासाला दहा वेळा वापरा. पाच किलोपेक्षा जास्त वजन साधारण चार ते सहा आठवडे उचलू नका.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखतो, ते पोटात भरलेल्या वायूमुळे. हे दुखणं चालल्यावर हलकं होतं आणि रोज थोडं कमी होत जातं. याउलट दुखणं वाढत चाललं, सोबत धडधड आणि अस्वस्थपणा असेल, तर तो वायू नाही असंच धरा. शिवणीतून गळती होत असल्याची पहिली खूण कित्येकदा फक्त नाडी असते: शांत पडून असताना मिनिटाला 120 च्या वर, आणि खाली न येणारी. ताप 101 अंश फॅरनहाइटच्या वर, दम लागणं, एकच पोटरी सुजून दुखणं, रक्ताची उलटी, काळं डांबरासारखं शौच, पाण्याचा घोटही न टिकणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

खाणं कसं बसवायचं

पहिले एक-दोन दिवस पारदर्शक द्रव, मग साधारण दोन आठवड्यांपर्यंत सर्व द्रव पदार्थ, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गुठळी नसलेलं वाटलेलं अन्न, पाचव्या-सहाव्यात मऊ अन्न, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं खाणं, असा क्रम असतो. एखादी पायरी मानवली नाही तर दोन दिवस मागे यायचं. पुढे मात्र उडी मारायची नाही. ‘मला तर काहीच त्रास होत नाही’ म्हणून दुसऱ्या आठवड्यात घट्ट खाणं सुरू करणं धोक्याचं आहे, कारण भरत असलेली शिवण दुखून सूचना देईलच असं नाही.

मऊ अन्न सुरू झाल्यावर चमचा लहान घ्या. नखाएवढा घास, वीस-पंचवीस वेळा चावून लापशीसारखा झाल्यावर गिळा, चमचा खाली ठेवा, मिनिटभर थांबा. पूर्वीसारखं ‘पोट भरलं’ असं आता कळत नाही. त्याऐवजी छातीच्या मधल्या हाडाखाली हलका दाब येतो, उचकी लागते, कुणाला नाक वाहतं, कुणाला एकदम उसासा येतो. तोच थांबण्याचा इशारा आहे. त्यानंतरचा एक घास पुढचा अर्धा तास लाळ गळणं आणि फेसाळ उलटी देऊन जातो. जेवण वीस ते तीस मिनिटांत आटपा. ताट तासभर समोर ठेवलं तर थोडंथोडं करत जास्त खाल्लं जातं. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊ नका.

प्रथिनं दिवसाला 60 ते 80 ग्रॅम लागतात. हा आकडा मोठा वाटतो, पण मोजून बसवता येतो. सहाव्या आठवड्यानंतरचा एक दिवस पाहा: दोन अंडी 12 ग्रॅम, शंभर ग्रॅम घट्ट चक्का साधारण 9, साठ ग्रॅम शिजवलेला मासा किंवा कोंबडी 13 ते 16, शंभर ग्रॅम शिजलेली घट्ट डाळ 9, आणि व्हे प्रोटीनचा (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची पावडर) डब्यातल्या मापाचा एक चमचा 20 ते 24. झाले साधारण 65. शाकाहारी असाल तर मासा-कोंबडीच्या जागी टोफू आणि व्हेचा आणखी एक चमचा. प्रत्येक जेवणात प्रथिन आधी, भाजी नंतर, पिष्टमय पदार्थ शेवटी आणि जागा उरली तरच.

साखर आणि तळलेलं यांनी, विशेषतः बायपासनंतर, डम्पिंग होतं. खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत पोटात मुरडा, घाम, धडधड, जुलाब होतात, कारण न पचलेली साखर एकदम आतड्यात उतरते आणि पाणी ओढून घेते. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: साखर झपाट्याने चढते, त्यामुळे इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि रक्तातली साखर घसरते. त्या वेळी हात थरथरतात, अंगातलं त्राण जातं. त्या क्षणी साखर घ्यावीच लागते, पण रोज असं होत असेल तर जेवणातले पिष्टमय पदार्थ कमी करणं हाच उपाय.

गोळ्या आयुष्यभर आहेत

हा भाग लोक वर्षभर पाळतात आणि मग सोडून देतात. कमतरता मात्र दोन-तीन वर्षांनी उगवते, तोवर कारणाचा संबंधही लागत नाही. रोजचं मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम दिवसाला एकूण 1200 ते 1500 मिलिग्रॅम (आहारातलं धरून), ब 12 तोंडाने रोज 350 ते 1000 मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, ड 3 साधारण 3000 युनिट, आणि लोह. लोह पाळी येणाऱ्या स्त्रियांना व बायपास झालेल्यांना 45 ते 60 मिलिग्रॅम, कमी जोखमीच्या पुरुषांना 18 पुरतं. कॅल्शियम सायट्रेट निवडा, कारण कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं आणि तेच आता कमी आहे. एका वेळी 500 ते 600 मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषलं जात नाही, म्हणून दोन-तीन भाग करा. कॅल्शियम आणि लोह यांच्यात किमान दोन तासांचं अंतर हवं. एकत्र घेतले तर लोह वाया जातं.

थायमिन, म्हणजे ब 1, याबद्दल वेगळं सांगायला हवं. शरीरातला त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. सतत उलट्या होत असतील आणि गोळ्याही टिकत नसतील, तर एकाचं दोन दिसणं, चालताना झोक जाणं, गोंधळल्यासारखं होणं, पायांना मुंग्या येणं ही लक्षणं उद्भवतात आणि नुकसान कायमचं राहू शकतं. अशा रुग्णाला थायमिनआधी नुसतं ग्लुकोजचं सलाइन दिलं तर प्रकृती आणखी बिघडते. म्हणून तातडीच्या विभागात गेल्यावर ‘बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया झाली आहे, इतके दिवस उलट्या आहेत, थायमिन द्या’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. सोबतच्या माणसालाही पाठ करून ठेवायला लावा.

जुनी औषधं स्वतःहून चालू ठेवू नका आणि स्वतःहून बंदही करू नका. इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस पहिल्याच आठवड्यापासून कमी करावा लागू शकतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन बायपासनंतर टाळायचीच, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखूनेही तोच अल्सर होतो. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी बऱ्याच जणांना सहा महिने उर्सोडिऑल देतात. दिलं असेल तर मध्येच थांबवू नका.

केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात. मुळं शाबूत असतात, केस परत येतात. नऊ महिन्यांनंतरही थांबलं नाही तर लोह, जस्त आणि प्रथिनं तपासा.

वजन हळू उतरतंय, म्हणजे किती हळू?

आधी मोजण्याची पद्धत नीट करा. किलो नव्हे, टक्के पाहा. 140 किलोच्या माणसाचे 14 किलो आणि 95 किलोच्या बाईचे साडेनऊ किलो, दोन्ही दहाच टक्के. शेजारणीच्या किलोंशी तुलना केली की नाहक निराशा येते. शस्त्रक्रियेच्या दिवशीच्या वजनातून आजचं वजन वजा करा, त्याला त्या पहिल्या वजनाने भागा, शंभराने गुणा. वर्षाअखेरीस स्लीव्हमध्ये हा आकडा बहुधा 25 ते 30 टक्क्यांच्या आसपास येतो, बायपासमध्ये थोडा वर. त्यातला मोठा भाग पहिल्या सहा महिन्यांत जातो. त्यानंतर महिन्याला एक-दीड किलो उतरणं म्हणजे अडकणं नव्हे, तीच त्या टप्प्याची चाल आहे. घट साधारण बारा ते अठरा महिने चालते.

तिसऱ्या आठवड्यातला अडथळा जवळजवळ ठरलेला असतो. सुरुवातीला यकृत आणि स्नायूंतला साखरेचा साठा संपतो. त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, म्हणून वजन धाडकन पडतं. खाणं थोडं वाढलं की साठा थोडा भरतो, पाणी परत येतं. आत चरबी जात असते, पण काट्यावर ते दिसत नाही. एक ते तीन आठवड्यांत हे सुटतं. पाळीच्या आधी, बद्धकोष्ठतेत किंवा खारट खाल्ल्यावरही एक-दोन किलोंचा फरक पडतो. त्यामुळे वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचानंतर, तेवढ्याच कपड्यांत करा. महिन्यातून एकदा कंबर, नितंब आणि मांडी टेपने मोजा.

काहींचं वजन मुळातच सावकाश उतरतं: वय जास्त असेल, मधुमेह जुना असून इन्सुलिन चालू असेल, सुरुवातीचं वजन तुलनेने कमी असेल, किंवा ही दुसऱ्यांदा केलेली शस्त्रक्रिया असेल. स्टिरॉइड, ओलँझापिन, मिर्टाझापिन, व्हॅल्प्रोएट, प्रिगॅबॅलिन ही औषधंही वजन धरून ठेवतात. त्यांना पर्याय आहे का हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

चार ते सहा आठवडे काटाही हलला नाही आणि टेपही, तर मग शोध घ्यायचा. सात दिवस पोटात जाणारं सगळं वजन करून लिहा, चहातली साखर, फळाचा रस आणि चव घेतलेला घाससुद्धा. दोष बहुतेक वेळा दोन ठिकाणी सापडतो. एक, पेयांतली ऊर्जा. दोन, घसरते पदार्थ: बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम, चॉकलेट. हे तोंडातच विरघळतात, आतल्या अरुंद जागेत थांबत नाहीत, त्यामुळे दाबाचा इशारा येतच नाही आणि पोट लहान असूनही शेकडो कॅलरी अंगात जातात. याउलट काही जण फारच कमी खातात आणि प्रथिन 40 ग्रॅमवर अडकलेलं असतं. त्यांचा स्नायू झिजतो आणि शरीराचा बसल्या जागचा ऊर्जेचा खर्च घटतो. त्यांनी खाणं आणखी कापू नये. प्रथिन वाढवावं आणि सर्जनच्या परवानगीने आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा रबरी पट्ट्याचा व्यायाम सुरू करावा.

वही भरूनही कारण सापडलं नाही तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा. थायरॉइडची तपासणी, गरज पडल्यास एंडोस्कोपी किंवा बेरियमचा एक्स-रे, आणि सेमाग्लुटाइड किंवा लिराग्लुटाइडसारखं औषध, हे सगळे मार्ग खुले असतात. औषध घ्यावं लागलं म्हणजे आपण हरलो, असं मानण्याचं काहीही कारण नाही.

रक्ततपासण्या तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, मग दरवर्षी. गरोदरपण पहिले बारा ते अठरा महिने टाळा. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, दुसरं साधन वापरा. दारू आता फार लवकर आणि फार जोरात चढते. बायपास होऊन वर्षं उलटली असली तरी जेवणानंतर पोटात एकदम जोराची कळ येऊ लागली तर आतड्याला पीळ पडल्याची शक्यता असते, आणि ती त्याच दिवशी तपासून घ्यावी लागते. दोन वर्षांनी थोडं वजन परत चढणं सामान्य आहे. सर्वांत कमी झालेलं वजन लिहून ठेवा, आणि त्यावर पाच किलो चढले की पुढच्या वार्षिक तपासणीची वाट न बघता वेळ मागून घ्या. पाच किलो उतरवणं शक्य असतं, पंधरा झाल्यावर ते फार अवघड होतं.