कुत्र्याला माणसे लावावीत, मांजराला जागा

जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याला कुत्रा हवा असतो आणि घरात तुरीची पोती रचून ठेवणाऱ्याला मांजर. पण दोघांनाही एकाच रीतीने पाळायला गेले की निम्मी मेहनत वाया जाते, कारण दोघे माणसाकडे वेगवेगळ्या वाटांनी आले. लांडग्यापासून झालेला कुत्रा शेती सुरू होण्याआधीच, किमान १५,००० वर्षांपूर्वी, शिकारी टोळ्यांच्या सोबतीला लागला. मांजराचे तसे नाही. पश्चिम आशियात धान्य साठू लागले, त्यावर उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर आले आणि त्याला कोणी हाकलले नाही. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे.

कुत्र्याचे पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत ज्यांची ओळख होते त्यांना ते पुढे सहसा बुजत नाही, म्हणून याच काळात त्याला बैल, शेळ्या, कोंबड्या, ट्रॅक्टर आणि घरातली लहान मुले रोज दाखवावीत. माणसाच्या उष्ट्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगल्यामुळे कुत्र्याला पिष्टमय अन्न लांडग्यापेक्षा चांगले पचते. त्यामुळे ज्वारीची भाकर चालते, मात्र सोबत अंडे किंवा मांस असावे. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्यावी. ताडोबा-मेळघाटाकडच्या गावांत रात्री कुत्र्याला वावरात एकटे बांधून ठेवणे म्हणजे बिबट्याला जेवायला बोलावणेच होय.

मांजराच्या पिल्लाची माणसाळण्याची मुदत त्याहून लवकर संपते, ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतच असते. त्यामुळे कोठ्यात मांजर व्यायली असेल तर पिल्लांना तिथेच रोज थोडा वेळ हाताळावे आणि दूध सुटल्यावरच घरात आणावे. नुसत्या दूध-भाकरीवर मांजर जगत नाही, त्याला मांस किंवा मासळी लागतेच. उपाशी मांजर जास्त उंदीर मारते हा आपल्याकडचा समज खोटा आहे. ते अन्नाच्या शोधात दुसऱ्याचे घर धरते. घरात मांजर असताना उंदरांचे विष ठेवू नये, कारण विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरू शकते.

मोठे मांजर आणले असेल तर त्याला दोन-तीन आठवडे धान्याच्या खोलीतच कोंडावे, कोपऱ्यात रेतीचे घमेले ठेवावे आणि ठरलेल्या वेळी खाऊ घालावे. पहिल्यांदा दार उघडायचे ते संध्याकाळच्या खाण्याच्या जरा आधी, म्हणजे भूक त्याला परत आणते.