दोघींच्या पाठीवर आलेल्या लेकीचं नाव कसं ठरवायचं

पहिलीच्या वेळेस नावांची अख्खी वही भरते, दुसरीला त्या वहीतलं उरलेलं एखादं आवडतं नाव मिळतं आणि तिसरीच्या वेळेस मात्र "ठेवा काहीतरी यमक जुळणारं" असं होऊन जातं. माझं म्हणणं एवढंच की तिसरीलाही तेवढाच वेळ द्या, नाव बहिणींना शोभलं पाहिजे हे खरंच, पण ते तिचं स्वतःचंही वाटलं पाहिजे.

आधी थोरल्या दोघींची नावं कागदावर लिहा आणि त्यांच्यात नक्की काय सारखं आहे ते बघा. नुसतं शेवटचं अक्षर नका बघू. नाव किती अक्षरी आहे, जुन्या वळणाचं आहे की नवीन, जोडाक्षर आहे का, कुठून आलंय हे सगळं बघा. मंगेशकर बहिणींची नावं घ्या, लता, मीना, आशा, उषा, चारही दोन अक्षरी, चारही साधी, आणि सुरुवातीचं अक्षर प्रत्येकीचं वेगळं, त्यामुळे एका घरातली वाटतात तरी प्रत्येकीचं नाव वेगळं उठून दिसतं. मृण्मयी आणि गौतमी देशपांडे या दोघींचं पण तसंच, यमक काटेकोर नाही पण दोन्ही नावांचं वजन सारखं आहे. म्हणून घरात गार्गी आणि मैत्रेयी असतील तर तिसरी शनाया जरा परकी वाटते, तिथे अदिती किंवा अरुंधती छान बसेल.

मला स्वतःला यमकापेक्षा नावांचं कूळ जुळवणं जास्त आवडतं. आसावरी आणि भैरवी असतील तर रागांमधूनच मधुवंती किंवा रागेश्री घ्या, जुई-सायलीला अबोली किंवा केतकी. कृष्णा आणि गायत्री असतील तर सावित्री बघाच, या तिन्ही नद्या महाबळेश्वरच्या, वर सावित्रीबाईंचं नाव लेकीला मिळतं ते वेगळंच. रोहिणी, स्वाती असतील तर रेवती आहे, चित्रा आहे. फक्त थीमसाठी ओढूनताणून न आवडणारं नाव ठेवू नका.

यमकाचा त्रास नंतर कळतो. स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्टीत "मीराऽऽ" म्हणून हाक मारली की पहिलं अक्षर विरून जातं आणि आतल्या खोलीत ऐकू येतं फक्त "ईरा", मग मीरा पण येते आणि नीरा पण येते, किंवा दोघीही येत नाहीत. सान्वी-तन्वी-जान्हवीचं पण तेच. त्यामुळे नाव फायनल करायच्या आधी तिन्ही नावं घरातल्या आजीला रागात, घाईत, भरभर घ्यायला सांगा, जीभ कुठे अडखळते ते लगेच कळतं. लाडाची नावं पण तपासा, अनुष्का आणि अनुराधा दोघी आठ दिवसांत 'अनु' होणार.

तिघींचं पहिलं अक्षर एकच ठेवायची हौस असते, पण आरोही, आर्या, आराध्या आणि वडिलांचं नाव, आडनाव एकच म्हटल्यावर तिघींची इनिशियल्स सेम होतात आणि वह्या, औषधाच्या चिठ्ठ्या, कुरिअर सगळ्यात गोंधळ. इंग्रजी स्पेलिंगची पद्धत मात्र एकच ठेवा, एकीच्या 'आ'ला दोन ए आणि दुसरीला एक असं नको. परदेशात राहत असाल तर ळ, ण, ज्ञ असलेलं नाव तिथल्या टीचरना म्हणता येईल का तेही बघा, पण तेवढ्यावरून चांगलं नाव सोडू नका.

नावरस अक्षर पाळत असाल आणि ते बहिणींच्या नावांशी जुळतच नसेल, समजा रोहिणी नक्षत्रावर ओ, वा, वी, वू आलं आणि तुम्हाला वेगळंच हवंय, तर पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं ठेवा, खूप घरांत असंच करतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. मुलगी झाली म्हणून नाराजी नावात उतरवू नका. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये २८५ 'नकोशी' मुलींची नावं समारंभ करून बदलली, म्हणजे तोपर्यंत त्या पोरी शाळेत हजेरीला रोज ते नाव ऐकत होत्या. 'आता बस' असा अर्थ निघणारं कुठलंही नाव, कितीही गोड असलं तरी, नको. थोरल्या दोघींची नावं देवीची, फुलांची आणि हिचं तेवढं असं, हे तिला मोठेपणी कळतंच.

थोरल्या बहिणींना नक्की विचारा, पण तुम्हाला चालतील अशी दोन-तीन नावं निवडून त्यातूनच, नाहीतर कार्टूनमधलं नाव येतं आणि मग नाही म्हटलं की रुसवा. आत्याला पण बारशाच्या आधीच सांगा, पाळण्याशी कानात कुर्र करताना तिला नाव पाठ हवं.

बाराव्या दिवसापर्यंत नाव ठरलं नाही तरी घाबरू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करून घ्या, ती नावाशिवाय पण होते, आणि नाव नंतर वर्षभरात फी न भरता टाकता येतं, त्यानंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत. आणि १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव येतं, थोरल्या त्याआधीच्या असतील तर त्यांच्या कागदांवर आणि हिच्या कागदांवर फरक दिसेल, तेव्हा पूर्ण नाव एकदा मोठ्याने वाचून बघा, नुसतं पहिलं नाव नाही.