खड्ड्यात पाणी मुरतंय का? आंबा, चिकू, रातांबा लावण्याआधी

पहिल्या दोन सरी पडल्या की रोपवाटिकांसमोर गाड्या थांबायला लागतात. डिकीत दोन हापूस, एक चिकू, एक पेरू, आणि 'असू दे' म्हणून एक फणस. खड्डा मात्र अजून खणायचाच असतो. घराशेजारची फळझाडं उन्हाळ्यात पाण्यावाचून मरतात असं आपण धरून चालतो. कोकणात मी बहुतेक वेळा उलटं पाहिलंय. मुळं पहिल्याच पावसाळ्यात पाण्यात कुजलेली असतात, झाड वाळलेलं दिसतं ते मार्चमध्ये, आणि मग बोल लागतो उन्हाला.

म्हणून कलम आणायच्या आधी खड्डा तपासा. आंबा, फणस, चिकू यांना १ मीटर लांब, रुंद, खोल; पेरू, लिंबू, सीताफळ यांना ६० सेंटिमीटर पुरतो. मे महिन्यात खणून ऊन खाऊ दिला असेल तर उत्तम, नसेल तर याच आठवड्यात खणा. संध्याकाळी त्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर तो खड्डा नाही, हौद आहे. जांभ्यात हे फार होतं: वर हातभर लाल माती आणि खाली अखंड कातळ. अशा वेळी उताराच्या बाजूने चर काढून द्या किंवा सरळ जागा बदला. देशावरच्या काळ्या चिकट जमिनीत तर खोल जायचा हट्ट नकोच. आजूबाजूची माती ओढून फूटभर उंच गादी करा आणि झाड तिच्यावर लावा.

भरताना वरच्या थराची चांगली माती, दोन-तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट (स्फुरद देणारं खत) एकत्र करा. अर्धवट कुजलेलं शेण, ओला पाला घातला की वाळवीला आमंत्रण. माती पावसात दबते, त्यामुळे खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच भरून ठेवायचा. सपाट भरलेला खड्डा जुलैत खळगा होतो आणि सगळं अंगणाचं पाणी तिथेच येतं.

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं, मुंबईत पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, दक्षिण कोकणात त्याच्या थोडं आधी. पण पहिल्या सरीत घाई करू नका. दोन सरी येऊन आठवडाभर उघडीप पडली तर नवीन कलम कोमेजतं. पाऊस लागून राहिला, माती हातभर भिजली की लावा. मी स्वतः आर्द्रा लागल्यावरच कुदळ हातात घेतो. जिथे पाणी तुंबतं आणि दुसरी जागाच नाही, तिथे मोठा पाऊस ओसरल्यावर लावलेलं बरं. देशावर एक-दोन चांगले पाऊस झाले की ऑगस्टच्या मध्यापर्यंत लावता येतं.

आता खरेदी. आंब्याचं बी लावून वर्षानुवर्षं वाट बघू नका, कलमच घ्या. कोकणात मिळतं ते बहुतेक कोय कलम असतं: कोय रुजून पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस असलेलं कोवळं रोप, त्यावर बांधलेली हापूसची काडी. यंदा बांधलेलं कलम यंदाच नेऊ नका, निदान वर्षाचं असू दे. सांधा बोटाने चाचपून बघा. खुंट (म्हणजे खालचं रोप) आणि काडी सारख्या जाडीची, मध्ये फट किंवा गाठ नको. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलंय किंवा आत गोल गोल फिरलंय, तर ते झाड पिशवीत फार दिवस बसलंय. उंची बघून भुलू नका.

एकटाच हापूस लावलात तर फळं कमी धरतात. त्याला दुसऱ्या जातीचा पराग हवा, त्यामुळे शेजारी केसर, रत्ना किंवा गोवा मानकूर असलेला बरा. आसपास रायवळ आंबे असतील तर ही काळजी नाही. जागा एकाच झाडाची असेल तर हापूसचा हट्ट सोडून रत्ना लावा असं मी सांगेन. नीलम आणि हापूसचा हा संकर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा आहे आणि हापूससारखा वर्षाआड रुसत नाही. चिकूत कालीपत्ती घ्या, आणि कलम खिरणीच्या खुंटावर बांधलेलं आहे ना, एवढं विचारा. पेरूत सरदार ही जात, तीही गुटी किंवा दाब कलमाची, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेली. कागदी लिंबू मात्र बियांच्या रोपावरून लावलं तरी मूळ झाडासारखंच येतं, तिथे कलमासाठी जास्त पैसे मोजू नका.

रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यात लोक सर्वात जास्त फसतात. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत जवळपास निम्मे नर निघतात आणि फुलावर येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, काही कळत नाही. आमच्या परड्यात एक होता. आईने दररोज भांडी विसळलेलं पाणी घालून वाढवला, गर्द सुंदर झाड झालं, आणि सातव्या वर्षी नर निघाला. सावलीला चांगला आहे, एवढंच. तेव्हा मादी झाडाच्या काडीचं मृदकाष्ठ कलमच (रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर काडी बांधून केलेलं) मागा; कोकण अमृता ही दापोलीची जात मिळाली तर छानच. आणखी एक बारकावा: काडी आडव्या फांदीची घेतलेली असेल तर कलम वर न जाता झुडपासारखं आडवंच पसरतं. शेंड्याच्या उभ्या काडीचं कलम रोपवाटिकेतही सरळ उभं दिसतं. तेच उचला.

अंतराची गोष्ट कडू आहे. गुंठाभर परसात माणसं बारा झाडं लावतात. आंबा, फणस घराच्या भिंतीपासून आणि शौचाच्या टाकीपासून निदान ५ मीटर लांब हवेत, माडाच्या थेट खाली काहीच नको. गुंठ्यात दोन मोठी आणि तीन लहान झाडं पुष्कळ झाली.

लावताना पिशवी ब्लेडने कापा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. सांधा जमिनीच्या वर राहिला पाहिजे, मातीत गाडला गेला तर हापूसच्या खाली रायवळ फुटून वर येतो. सांध्याची प्लॅस्टिकची पट्टी राहिली असेल तर सोडा, नाहीतर खोड वाढताना तिथेच आवळतं. सांध्याखालची फूट दर पंधरवड्याला खुडायची. काठीचा आधार द्या, पण सुतळी सैल बांधा. खड्ड्यात घातलं त्याशिवाय पहिला महिना रासायनिक खत नको. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला वर्षाच्या आंब्याला एक घमेलं शेणखत, ३०० ग्रॅम युरिया, ३०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि १०० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश, खोडाला न चिकटवता गोल चर काढून.

गच्चीवर जागा असेल तर २०० लिटरचा ड्रम अर्धा कापून लिंबू, पेरू किंवा आम्रपाली आंबा लावता येतो. तळाला भोकं भरपूर, ड्रम विटांवर उचललेला, आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कमी. पावसाळ्यात ते स्पंजासारखं पाणी धरून बसतं. पपई पावसात लावायचीच असेल तर उंच गादीवर, नाहीतर बुंधा कुजून एका रात्रीत आडवी होते.

जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा फेरी मारा. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती फुलपाखराची अळी आहे, हाताने वेचा. आंब्याचा कोवळा शेंडा मान टाकून वाळला तर अळी आत शिरली आहे. खालपर्यंत कापून जाळा. लिंबाच्या बुंध्यातून डिंक येत असेल तर साल खरवडून बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र, आणि भांडं प्लॅस्टिकचं. पेरूत फळमाशी होणारच, त्यासाठी रक्षक सापळा (फळमाशीचे नर आत ओढून मारणारा) टांगा आणि पडलेली किडकी फळं रोज गोळा करून खोल पुरा.

नव्या कलमाला दुसऱ्याच वर्षी मोहर येतो. पहिली तीन वर्षं तो खुडायचा. घरातलं कोणीतरी एक घोस 'राहू दे ना' म्हणून मागतंच; आमच्याकडे त्या घोसाला दोन कैऱ्या लागल्या आणि वर्षभर झाड तिथल्या तिथे राहिलं.