दिल्ली बघायला जाताय? सोमवार आधी बघा

दिल्लीचं प्लॅनिंग करताना पहिलं काम म्हणजे सोमवार कुठे येतोय ते बघा, कारण लाल किल्ला आणि नॅशनल म्युझियम दोन्ही सोमवारी बंद असतात आणि आम्ही अर्थातच सोमवारीच जाऊन उभे राहिलो होतो! त्या दिवशी कुतुबमिनार (७२.५ मीटर, वर चढता येत नाही) आणि हुमायूनची कबर करून टाका, ते सोमवारीपण चालू असतात.

हुमायूनच्या इथे लोक थेट मोठ्या घुमटाकडे पळतात, तसं करू नका. आत शिरल्यावर उजव्या हाताला इसा खानची कबर आहे, १५४७ची, म्हणजे हुमायूनच्या कबरीच्याही आधीची, अष्टकोनी, छतावरच्या छोट्या घुमटी छत्र्यांवर अजून निळ्या टाइल्स चिकटलेल्या दिसतात, आणि गर्दी कमी.

लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासमध्ये मान वर करून छत नक्की बघा. इथलं चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी सैन्याचा पगार भागवायला काढून वितळवलं, पानिपतच्या आदल्या वर्षी. गाइड हे सांगेलच असं नाही, आपल्याला माहीत असलेलं बरं.

म्युझियममध्ये मोहेंजोदडोची नाचणारी मुलगी शोधा, फोटोत मोठी वाटते पण जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे, चालत चालत गेलात तर दिसणारपण नाही. हातात बांगड्या किती त्या मोजा, पोरं त्यात रमतात.

आणि लाल किल्ल्याला मेट्रोनेच जा, चांदनी चौकात रिक्षा अडकली की गेला अर्धा तास.