गिटार शिकायचीय ना, मग दर रविवारी एक गाणं दुसऱ्याला शिकवा

गिटार घेणारे भरपूर असतात, सहा महिन्यांनी ती कपाटावर चढलेली असते आणि विचारलं की उत्तर एकच, वेळच मिळत नाही. वेळ मिळत नाही हे खरंय पण अर्धवट, कारण तेवढाच वेळ मोबाईलवर दुसऱ्यांचे गिटारचे व्हिडिओ बघण्यात जातो. खरी अडचण अशी की प्रॅक्टिसला तारीख नसते. आज नाही केली तर उद्या, कोण विचारणारंय. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की शिकायला लागल्यावर दोन-तीन महिन्यांतच एकेक गाण्याचा छोटा लेसन बनवून ऑनलाईन टाकायला सुरुवात करा, अगदी चार मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर का होईना. रविवारी टाकायचाय म्हटलं की सोमवारपासून हात आपोआप गिटारकडे जातो. "मी अजून नवीन आहे, मी काय शिकवणार" असं वाटेल, पण ज्याला काल कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलणं जमलं तोच आज न जमणाऱ्याला नीट सांगू शकतो, वीस वर्षं वाजवणाऱ्याला ते बोट कुठे अडकतं हे आठवतसुद्धा नाही.

आधी गिटार तपासा. पाच ते दहा हजारांतली साधी अकूस्टिक चालते, पण तारा फळीपासून किती उंच आहेत ते बघा. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे फळीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सगळ्यात जाड तारेखाली जुनी, आकडे उठावदार नसलेली एटीएम कार्डं एकावर एक ठेवून सरकवायची. एक कार्ड पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे तीन कार्डं साधारण सव्वादोन मिलिमीटर. तीन जेमतेम जातायत तर मस्त, चार आरामात जाऊन वर जागा उरतेय तर गिटार दुकानात नेऊन सेटअप करून घ्या. उगाच बोटं सोलवटून "मला जमत नाही" म्हणण्यात अर्थ नाही, तिथे चूक गिटारची असते. बोटांची टोकं पहिले दोन-तीन आठवडे दुखणारच, मग कातडी घट्ट होते, त्यावर क्रीम बिम काही लावू नका.

गिटार कव्हरमध्ये ठेवू नका, स्टँडवर समोर दिसेल अशी ठेवा, चेन उघडायचा कंटाळा हेही प्रॅक्टिस बुडायचं कारण असतं. अपवाद पावसाळ्याचा. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत जून ते सप्टेंबर तारा गंजतात आणि लाकूड फुगतं, तेव्हा वाजवून झालं की सुती फडक्याने तारा पुसायच्या आणि गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची.

आता रोजची प्रॅक्टिस. वीस मिनिटं पुरतात पण रोज, रविवारी एकदम तीन तास बसून काही होत नाही. ट्यूनर अॅपवर ट्यूनिंग (जाड तारेकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई), मग पाच मिनिटं फक्त कॉर्ड बदलणं. दोन कॉर्ड घ्या, एक मिनिटाचा टायमर लावा आणि किती वेळा बदलता येतं ते मोजा. तीसपर्यंत गेलात की हळू गाणी वाजतील, साठला पोचलात की बहुतेक गाण्यांत हात अडणार नाही. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सुरुवातीच्या कॉर्डसाठी एक युक्ती आहे ती नीट वाचा. तारा बारीककडून मोजायच्या, सगळ्यात बारीक पहिली आणि सगळ्यात जाड सहावी. जी कॉर्ड धरताना अनामिका दुसऱ्या तारेच्या, म्हणजे बी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवा. आता ही दोन बोटं अजिबात न उचलता मधलं बोट सहाव्या तारेवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आणि पहिलं बोट पाचव्या तारेवरून चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर न्या, झाली सी अॅड नाईन, ही कॉर्ड साध्या सीच्या जागी बिनधास्त चालते. तीच दोन बोटं तिथेच ठेवून उरलेली दोन चौथ्या आणि पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवली की ई मायनर सेव्हन. डी मध्ये करंगळी सुटते पण अनामिका तिथेच राहते. म्हणजे चार कॉर्ड आणि एक बोट कायम खिळलेलं, कॉर्ड बदलताना हात अख्खा हवेत उडत नाही आणि गाणं तुटत नाही. एफ बॅरेच्या (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या एफच्या) मागे पहिल्या महिन्यात लागूच नका, बारीक चार तारांची छोटी एफ वाजवा, पुढचं पुढे.

मग उरलेला वेळ गाणं. मेट्रोनोम (ठराविक वेगाने ठोके देणारं अॅप) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा, मुखड्याच्या फक्त दोन ओळी घ्या, तीनदा न चुकता गेल्या की 5 ने वाढवा. अख्खं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत रोज वाजवत बसलं की सुरुवात छान होते आणि अंतऱ्यातली अवघड जागा तशीच कच्ची राहते, तर अंतऱ्यापासून सुरू करा कधीतरी.

स्ट्रमिंगबद्दल, म्हणजे उजव्या हाताने तारा छेडण्याबद्दल, जरा सविस्तर लिहितो कारण मराठी गाण्यांत सगळी गडबड इथेच होते. इंग्रजी व्हिडिओंत जो डाऊन डाऊन अप अप डाऊन अप शिकवतात ना, तो आपल्या केरव्याच्या आठ मात्रांत एकदम फिट बसतो. हात आठही मात्रा वरखाली हलत राहतो, 1 वर डाऊन, 2 वर हात नुसता वर जातो तारेला न लागता, 3 डाऊन, 4 अप, 5 वर हात खाली जातो पण वाजवत नाही, 6 अप, 7 डाऊन, 8 अप. आता गंमत बघा, केरव्यात सम 1 वर आणि 'खाली', म्हणजे टाळी न देण्याची मात्रा, 5 वर, आणि या पॅटर्नमध्येही पाचव्या मात्रेला हात रिकामाच जातो. तबला ऐकत वाढलेल्या माणसाला हे एकदा कळलं की पॅटर्न पाठ करावा लागत नाही. दादऱ्याची गाणी मात्र या पॅटर्नमध्ये कोंबू नका, सहा मात्रा असतात. 1 वर कॉर्डची जाड तार एकटी, 2 आणि 3 वर हलके डाऊन, 4 वर दुसरी एखादी जाड तार, 5 आणि 6 परत हलके. एवढ्यावर अर्धी भावगीतं उभी राहतात. आणि बऱ्याच गाण्यांत मुखडा समेच्या आधीच उचललेला असतो, त्यामुळे गाणं जिथे सुरू होतं तिथे 1 नसतो, 1 कुठल्या अक्षरावर पडतो ते शोधा आणि लेसनमध्ये ते अक्षर बोट दाखवून सांगा, बघणाऱ्याचा अर्धा त्रास वाचतो.

कॉर्ड कशा शोधायच्या? नेटवर मिळतात पण मराठी गाण्यांच्या बऱ्याचदा अंदाजपंचे असतात. मुखडा गुणगुणा, शेवट जिथे शांत होतो तो बहुतेक वेळा सा असतो, तो गिटारवर शोधा. जी सापडला तर जी, ए मायनर, बी मायनर, सी, डी, ई मायनर एवढ्यांत गाणं बसवून बघा. यमन रागाच्या अंगाचं गाणं असेल तर तीव्र मध्यम (चढा म) येतो, म्हणजे जी धरला तर सी शार्प, आणि तिथे तुम्ही सी वाजवली की काहीतरी खटकतं पण काय ते कळत नाही. अशा जागी ए मेजर लावून बघा, कारण त्यात सी शार्प आहेच.

गायकासोबत वाजवायचं तर तो "काळी चार" अशी पेटीची पट्टी सांगणार, तुमच्या गिटारला काळी पांढरी काही नाही. हे एवढं लिहून ठेवा: काळी एक म्हणजे सी शार्प, सीचे शेप (म्हणजे सी पट्टीतल्या कॉर्ड धरायच्या) आणि कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर. पांढरी चार म्हणजे एफ, डीचे शेप आणि कॅपो तिसऱ्यावर. काळी चार म्हणजे जी शार्प, जीचे शेप, कॅपो पहिल्यावर. काळी पाच म्हणजे ए शार्प, जीचे शेप, कॅपो तिसऱ्यावर. लेसनमध्येही कॅपो नंबरसोबत ही पट्टी सांगा, हार्मोनियमवाल्या घरांतल्या मुलांना ते लगेच कळतं. परदेशात महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला गिटारवर आरती बसवणारी पोरं असतात, त्यांच्या घरी पेटीवाले काका पट्टीच विचारतात.

आता लेसन शूट करणं. मोबाईल आडवा, मागचा कॅमेरा वापरा. पुढचा कॅमेरा काही फोनमध्ये आरशासारखं उलटं सेव्ह करतो, मग तुम्ही डावखुरे दिसता आणि बघणारा बिचारा बोटं उलटी ठेवत बसतो. फोन बाराव्या फ्रेटच्या समोर दोन-तीन फुटांवर ठेवा, गिटारच्या भोकासमोर ठेवलात तर नुसतं घुमतं. पंखा बंद. कुकर लागलेला नसावा, चौथी शिट्टी नेमकी चांगल्या टेकमध्येच होते. लाईट खिडकीचा, समोरून. चेहरा दिसला नाही तरी चालतं हो, डावा हात स्पष्ट दिसला पाहिजे, लाजणाऱ्यांना तर हे बरंच आहे. झूमवर कोणाला लाईव्ह शिकवणार असाल तर ऑडिओ सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स चालू करा, नाहीतर ते गिटारला गोंगाट समजून दाबून टाकतं.

व्हिडिओ सहा ते आठ मिनिटांचा. आधी मुखडा वाजवून दाखवा, म्हणजे लोकांना कळतं आपण योग्य जागी आलोय, "नमस्कार मित्रांनो आज आपण" वगैरे दोन मिनिटं नको. मग कॅपो, कॉर्ड, मग नुसता उजवा हात, मग एकदम हळू मुखडा मोठ्याने मात्रा मोजत, मग अंतऱ्यात काय बदलतं तेवढंच. स्पीड कमी करून बघता येतं हे खरं, पण हळू केलेल्या व्हिडिओत आवाज विचित्र लागतो आणि मात्रा मोजायच्या कशा ते कळत नाही, तुम्ही स्वतः हळू वाजवा. आणि इथेच प्रॅक्टिसची परीक्षा होते, हळू वाजवताना सगळे खरखरणारे सूर ऐकू येतात, फास्टमध्ये लपून जातात. त्यामुळे माझ्या मते शुक्रवारी एक कच्चं रेकॉर्डिंग करून ऐकायचंच, शनिवारी नेमकी ती जागा घासायची आणि रविवारी शूट.

चार्ट टाकताना कॉर्ड ओळीच्या वर लिहू नका, देवनागरीत फॉन्ट बदलला की कॉर्ड सरकून भलत्याच अक्षरावर जाते. चौकटी कंसात अक्षराच्या आधी लिहा, असं: [जी]अंगणात [ई मायनर]पाऊस [सी]आला [डी]गं. मोबाईलवर कुठेही उघडा, हलणार नाही.

कॉपीराईटचं थोडं बघून घ्या. भारतात 1957 चा कायदा आहे आणि कवी, संगीतकार यांच्या हयातीनंतर 60 वर्षं हक्क राहतात, म्हणजे आपल्याला "जुनं" वाटणारं बरंचसं भावगीत अजून हक्कातच असतं. अख्खे शब्द डिस्क्रिप्शनमध्ये चिकटवू नका, ओळीचे पहिले दोन शब्द आणि कॉर्ड पुरतात. मूळ रेकॉर्डिंग मागे लावू नका, स्वतः गा किंवा गुणगुणा. यूट्यूबवर कंटेंट आयडीचा (गाणं आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा) क्लेम आला तर घाबरू नका, बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे हक्कवाल्याला जातात, क्वचित ब्लॉक होतो. स्ट्राईक (हक्कवाल्याच्या तक्रारीवरून मिळणारा इशारा) हे वेगळं प्रकरण, 90 दिवसांत तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं. हे टेन्शनच नको असेल तर सुरुवात आरत्या, अभंग, लोकगीतांपासून करा. सुखकर्ता दुखहर्ता समर्थ रामदासांची, 17 व्या शतकातली, तिच्या शब्दांवर कोणाचा हक्क नाही (एखाद्या कंपनीच्या रेकॉर्डिंगवर असतो, म्हणून ते वापरायचं नाही) आणि पारंपरिक चालीत दोन-तीन कॉर्डवर निभावतं. गणपतीच्या आधी तीन आठवडे टाकलात तर बघणारेही मिळतील, आदल्या रात्री टाकून उपयोग नाही, लोकांना बसवायला वेळ लागतो.

कमेंटमध्ये कोणीतरी "दुसऱ्या ओळीत ए मायनर आहे" म्हणेलच. वाजवून बघा, बरोबर असेल तर कमेंट पिन करा आणि चार्ट बदला, भांडत बसू नका. "भाऊ टॅब (तार-फ्रेटचे आकडे लिहिलेली नोंद) पाठवा" वाल्यांना एकदाच चार्टची लिंक द्या. व्ह्यूज पहिल्या काही महिन्यांत नातेवाईकांचेच असतात, त्यापेक्षा एका न वाजवणाऱ्या मित्राला किंवा भाचीला लेसन पाठवा आणि बघून वाजवायला सांगा, ती जिथे अडकेल तिथे तुम्ही नीट सांगितलेलं नाही असं धरा आणि पुढच्या गाण्यात ते आधी घ्या.

आणि हो, शूटच्या दिवशी सकाळी नवीन तारा घालू नका. नव्या तारा ताणल्या जाईपर्यंत दर दोन मिनिटांनी सूर सोडतात, गुरुवार-शुक्रवारीच घाला आणि दोन दिवस वाजवत राहा.