पहिला ट्रॅक डे: आधी ब्रेक ऑइल बदला

ट्रॅक डे म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस. पहिल्या ट्रॅक डेला मी स्विफ्ट घेऊन कोइमतूरच्या करी स्पीडवे या रेस ट्रॅकवर गेलो. त्याआधी महागडा एअर फिल्टर बसवला, दारांवर पट्टे मारून घेतले आणि तीन वर्षांचं जुनं ब्रेक ऑइल तसंच ठेवलं. २.१ किलोमीटरचा ट्रॅक, त्यामुळे वळणं पटापट येतात आणि ब्रेकला गार व्हायला उसंत मिळत नाही. पाचव्या लॅपला पेडल दाबलं ते सरळ तळाला गेलं. वळण सोडून मातीत थांबलो. गाडीला ओरखडा नाही, पण पाय थरथरत होते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळायचं नाही. पाणी मुरलं की हीच हमी १५५ वर येते. उकळलं की लाइनमध्ये बुडबुडे होतात, आणि तुमचा पाय ते बुडबुडेच दाबत बसतो. म्हणून आठवडाभर आधी सीलबंद डब्यातलं डॉट ४ घाला, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा नीट काढून घ्या. पॅड निम्मे झिजले असतील तर तेही बदला. एवढं केलंत तर इंजिनावर एक रुपयाही घालू नका. इंजिन ऑइल मात्र वरच्या खुणेपर्यंत हवं, लांब वळणात ते एका बाजूला सरकतं.

आदल्या रात्री गाडी रिकामी करा: स्टेपनी, जॅक, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट आधी काढा, ते पेडलखाली अडकतं. गाडी ओढून न्यायचा टोइंग हूक बंपरमध्ये फिरवून बघा, आटे गंजलेले असतात.

सुरुवातीची हवा गार टायरमध्येच मोजा. मी ३० भरली होती, पहिल्या सेशननंतर ३६ निघाली. ३३ वर आणली. घरी निघताना टायर गार झाले की पुन्हा भरायची असते, म्हणून पंप जवळ ठेवा. माझा घरीच राहिला होता, शेजारच्या पोलोवाल्याने दिला. चाकांचे नटही प्रत्येक सेशननंतर तपासा.

ब्रेक गार व्हावेत म्हणून शेवटचा लॅप ब्रेक न मारता हळू काढायचा. आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका; पहिला गिअर टाका, चाकामागे वीट लावा.

आणि पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या त्यात सहसा वगळलेल्या असतात. बायकोला हे आधीच सांगितलेलं बरं.