जुना सीडी प्लेअर ‘नो डिस्क’ दाखवतोय? आधी लेन्स पुसा

आपल्या बेळगाव-खानापूरकडं पावसाळ्यात ओल एवढी असते की पडून राहिलेल्या प्लेअरच्या लेन्सवर धुरकट थर बसतो न् डिस्क वाचायची बंद होते, म्हणून लगेच लेसर गेला समजून भंगारात घालू नका. प्लग काढा, कव्हर खोला, कान साफ करायचा कापसाचा इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला करून लेन्सवर अलगद फिरवा, दाबू नका हं, ती बारीक तारांवर तरंगत असते. वाळू द्या, मग लावून बघा. उघड्या प्लेअरमध्ये डोकावू मात्र नका, सीडीचा लेसर 780 नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही.

सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळं पहिली गाणी नीट न् शेवटची अडकत असतील तर बहुतेक लेन्स सरकते त्या रॉडवरचं ग्रीस वाळलेलं असतं, जुनं पुसून नवीन थोडंसंच लावा. ट्रे उघडेना तर बहुतेक तो हलवणारा रबरी बेल्ट सैल झालाय, त्याच मापाचा आणून बदला, पाण्यात उकळून घट्ट करायचा उपाय फार टिकत नाही. आणि लेसरजवळचा तो बारका प्रीसेट स्क्रू, त्याला अजिबात हात लावू नका, करंट वाढून चांगला लेसर जळतो.